डिजिटल प्रॉडक्ट डिझायनर व्हायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात हे काम करतो. नात्यातली, गावाकडची, मित्राच्या मित्राची मुलं दर आठवड्याला फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांब आहेत, काही दोन ओळींची. ज्याचं जेवढं काम, तेवढीच जागा.

प्रॉडक्ट डिझायनर नेमकं करतो काय? यूआय, यूएक्स आणि हे, यात फरक काय?

भाजीवाल्या मावशींच्या गाड्यावरचा, पैसे आले की बोलणारा डबा आठवा. त्यांचे हात ओले, समोर चार गिऱ्हाइकं, मोबाईल पिशवीत खोल कुठेतरी. कुणी खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून गेला तर पत्ता लागत नाही. डबा 'चाळीस रुपये मिळाले' म्हणतो आणि त्या मान वर न करता पुढची जुडी उचलतात. मावशींना बघावी लागेल अशी स्क्रीनच त्यात नाही. तरी ते अस्सल डिजिटल प्रॉडक्ट डिझाईन आहे.

माणूस कुठे अडतो ते बघणं, त्यातली खरी अडचण कुठली ते ठरवणं, दोन-चार उपाय काढून बघणं, प्रॉडक्ट मॅनेजर आणि डेव्हलपरशी हुज्जत घालत त्यातला एक लोकांपर्यंत पोचवणं, आणि मग तो चालतोय का हे परत जाऊन तपासणं, एवढं सगळं या कामात येतं. स्क्रीन काढणं हा त्यातला एक भाग. यूआय म्हणजे डोळ्यांना दिसतं ते, यूएक्स म्हणजे वापरताना येणारा अख्खा अनुभव, असं ढोबळमानाने म्हणता येईल. पण कंपन्या हे शब्द मनाला येतील तसे वापरतात. जाहिरातीतलं पद वाचण्यापेक्षा खालची कामाची यादी वाचा. तिथे 'सोशल मीडिया पोस्ट, ब्रोशर, थोडं व्हिडिओ एडिटिंग' असेल तर ती ग्राफिक डिझायनरचीच जागा आहे, नाव तेवढं नवं.

कॉलेजच्या यादीत 'प्रॉडक्ट डिझाईन' दिसतंय. तोच कोर्स ना?

बहुधा नाही. इथे बरीच मुलं फसतात. आपल्याकडच्या डिझाईन संस्थांमध्ये 'प्रॉडक्ट डिझाईन' म्हणजे बहुतेक वेळा हातात धरता येणाऱ्या वस्तू: मिक्सर, खुर्ची, पाण्याची बाटली. ॲप आणि वेबसाइटचं काम साधारण 'इंटरॅक्शन डिझाईन' या नावाखाली येतं. नोकरीच्या बाजारात मात्र 'प्रॉडक्ट डिझायनर' म्हणजे ॲपवाला. नाव एक, दुकानं दोन. फॉर्म भरण्याआधी अभ्यासक्रमाचे विषय आणि मागच्या विद्यार्थ्यांची कामं बघा.

डिग्री लागतेच का?

लागतेच असं नाही, पण असेल तर पहिला दरवाजा लवकर उघडतो. डिझाईन शिकवणाऱ्या संस्थांपैकी आयआयटी मुंबईतलं आयडीसी १९६९ पासून आहे, अहमदाबादचं एनआयडी १९६१ पासून. बारावीनंतर आयआयटीतल्या बी. डेस. या डिझाईनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शाखा कुठलीही चालते, कॉमर्स आणि आर्ट्ससुद्धा. ही परीक्षा जास्तीत जास्त दोनदाच देता येते, त्यामुळे 'यंदा सहज बसून बघू' म्हणून एक संधी वाया घालवू नका. पदवीनंतर एम. डेस. म्हणजे डिझाईनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी सीड असते. तिला वयाची अट नाही आणि कितीही वेळा देता येते. दोन्ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते आणि त्या जानेवारीच्या सुमारास असतात. एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी.

मुंबईच्या जे. जे.मधून किंवा इतर कला महाविद्यालयांतून उपयोजित कला शिकलेली कितीतरी मुलं या क्षेत्रात आली आहेत. अक्षर, रंग आणि मांडणी यांची त्यांची नजर आधीच तयार असते. माणसांशी बोलून प्रश्न शोधायची सवय मात्र त्यांना नव्याने लावून घ्यावी लागते. इंजिनिअरांचं नेमकं उलटं.

दोन-तीन लाख रुपये घेऊन 'सहा महिन्यांत नोकरी पक्की' सांगणारे क्लास नीट पारखून घ्या. मागच्या बॅचच्या पाच मुलांचे पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांचे संच, मागा. पाचही जणांनी खाणं मागवायचं ॲपच नव्याने केलेलं दिसलं तर पैसे खिशात ठेवा. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने उभं राहिलेलं डी-सोर्स हे संकेतस्थळ फुकट आहे, आणि आपल्याकडची उदाहरणं घेऊन डिझाईन शिकवतं. सुरुवात तिथून करा.

घरच्यांना काय सांगू? त्यांना वाटतंय मी 'ड्रॉइंगचा कोर्स' करतोय.

रुपयाचं चिन्ह दाखवा. २०१० मध्ये सरकारने स्वीकारलेलं ते चिन्ह डी. उदय कुमार यांचं, आणि ते आयडीसीतच शिकले. मग बाबांच्या मोबाईलवरचं बँकेचं ॲप उघडा आणि पैसे पाठवण्यासाठी त्यांना नवा खातेदार जोडायला सांगा. तिसऱ्या मिनिटाला ते ॲपवर चिडतील. तेव्हा शांतपणे सांगा, 'हे नीट करायचे पैसे मिळतात.'

मला चित्र काढता येत नाही.

नोकरीत चालतं. चौकोन, रेघ आणि बाण आला की काम भागतं. प्रवेश परीक्षेत मात्र चित्रकलेचा भाग असतो, तिथे सराव लागतो.

कुठलं सॉफ्टवेअर शिकू? मॅक घ्यावाच लागेल का?

फिग्मा शिका. ते ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे साधा विंडोजचा लॅपटॉप पुरतो. रॅम १६ जीबी असेल तर सुख, ८ वर कुरकुरत का होईना चालेल. विद्यार्थ्यांना शैक्षणिक योजना मोफत मिळते. अडोबीने २०२२ मध्ये फिग्मा २० अब्ज डॉलरना घ्यायचं जाहीर केलं होतं. युरोप आणि ब्रिटनमधल्या नियामकांच्या अडचणींमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तो व्यवहार रद्द झाला. हे सांगायचं कारण एवढंच की हत्यारं बदलत राहतात. मी फोटोशॉपमध्ये स्क्रीन काढायचो, मग स्केच नावाचं सॉफ्टवेअर आलं, मग फिग्मा. ज्यांनी फक्त बटणं पाठ केली होती ते दर वेळी नव्याने घाबरले.

पहिला महिना एवढंच करा: रोज वापरता त्या ॲपची एक स्क्रीन घ्या आणि फिग्मात हुबेहूब उतरवा. दोन ओळींत अंतर किती, बटणाची उंची किती, कुठला मजकूर ठळक आणि का, हे हाताला कळू द्या. ॲपल आणि गूगल या दोघांचे डिझाईनचे नियम फुकट वाचायला मिळतात. बोटाने दाबायच्या जागेसाठी ॲपल किमान ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं). मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असावा, असा सुलभतेचा मानक नियम आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं एसी ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर फार देखणी दिसतात. भर दुपारी एसटी स्टँडवर उभं राहून ती वाचून दाखवा.

कोडिंग यायला हवं का?

लिहिता नाही आलं तरी वाचता यावं. वेबपानं ज्यात लिहितात ते एचटीएमएल आणि सीएसएस दोन महिन्यांत समजतं, आणि ते समजलं की फिग्मातली आपोआप मांडणी जुळवणारी 'ऑटो लेआउट' ही सोय अशी का वागते हेही उलगडतं. शिवाय डेव्हलपर 'हे होणार नाही' म्हणाला की ते खरं आहे की त्याला घरी जायचंय, याचा अंदाज येतो.

पोर्टफोलिओत काय घालू? माझ्याकडे खरं कामच नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी नोकरीसाठी आलेले पोर्टफोलिओ बघतो तेव्हा एकाला पहिल्या फेरीत दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात नामांकित म्युझिक ॲपचं 'रीडिझाईन', ध्यानाचं ॲप, रोपांना पाणी घालायची आठवण करणारं ॲप हे हटकून असतं. स्क्रीन चकचकीत, आणि 'वापरकर्ता' म्हणून इंटरनेटवरचा हसरा फोटो, खाली नाव, वय आणि 'तिला प्रवासाची आवड आहे'. तिला प्रवासाची आवड असल्यामुळे डिझाईनमध्ये काय बदललं, हे कुणीच लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी एका मुलीचा पोर्टफोलिओ आला. त्यात तीनच प्रकल्प होते आणि त्यातला एक तिच्या गावच्या दूध संकलन केंद्रावरचा. केंद्रावर दूध घातलं की छोटी पावती मिळते: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. ती आठवडाभर पहाटे केंद्रावर जाऊन उभी राहिली. तिने टिपलेल्या गोष्टी अशा होत्या. शेतकरी आधी फॅटचा आकडा बघतात, बाकी नंतर. पावतीवरची इंग्रजी लघुरूपं कुणी वाचत नाही, आकड्याची जागा पाठ झालेली असते. पावत्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत जातात आणि दहा दिवसांनी बिल आलं की नातू त्या काढून बेरीज करतो. तोवर शाई उडालेली असते, आणि मग केंद्रचालकाशी वाद.

बाकी उमेदवारांनी इथे 'दूधमित्र' वगैरे नावाचं ॲप काढलं असतं. हिने ॲप काढलंच नाही. केंद्रावर येणाऱ्या बहुतेकांकडे साधे फोन होते. तिने पावतीची मांडणी बदलली, फॅटचा आकडा मोठा केला आणि रोज सकाळी जाणाऱ्या एसएमएसचा मराठी मजकूर लिहिला. तिथे ती अडली, कारण देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०. आणि काना, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येकी एक धरले जातात. तिने त्या मजकुराचे नऊ खर्डे जसेच्या तसे दाखवले होते, खोडाखोडीसकट. सातवा खर्डा केंद्रचालकाने नाकारला, त्याचं कारणही लिहिलं होतं. मुलाखतीत आम्ही पाऊण तास त्या नऊ खर्ड्यांवरच बोललो. तिच्या स्क्रीन तेव्हा बेताच्याच होत्या. तो भाग सहा महिन्यांत सुधारला.

तेव्हा खरं काम नाही म्हणून रडू नका. सोसायटीत पाणीपट्टी कशी गोळा होते, मेसचा डबा बंद करायचा निरोप कसा जातो, आजी गोळ्यांच्या वेळा कशा लक्षात ठेवते, शेजारचा झेरॉक्सवाला व्हॉट्सॲपवर आलेल्या शंभर फायलींतून तुमची कशी शोधतो, हे बघा. चार-पाच माणसांना तुमचा कच्चा नमुना वापरायला द्या. पाच जणांकडून बहुतेक मोठ्या अडचणी सापडतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडलं होतं आणि कामात त्याचा प्रत्यय येतो. एकच अट: नमुना हातात दिल्यावर तुम्ही तोंड उघडायचं नाही. 'इथे दाबा ना' म्हणालात की चाचणी संपली.

आणि फसलेलं लिहा. काय करून पाहिलं, ते का टाकून दिलं. तीन प्रकल्प पुरे, दोनही चालतील.

मी मराठी माध्यमातला आहे. त्याचा काही उपयोग, की नुसता तोटाच?

तोटा पुढच्या प्रश्नात येतो. उपयोग आधी सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही.

मोठ्या ॲपची मराठी आवृत्ती लावून बघा. कुठे वेलांटी वरून कापलेली, कुठे उकार खालच्या ओळीत घुसलेला. कारण ओळींमधलं अंतर इंग्रजीला बघून ठरवलेलं. देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. मी कुठलाही फॉन्ट तपासताना 'गुऱ्हाळ', 'विठ्ठल', 'दृष्टी', 'कोर्टांतून' हे शब्द टाकून बघतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टवर 'ॲप'मधल्या 'ॲ'च्या जागी चौकोनी डबाच दिसतो! मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं. काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलं तरच आपलं वळण येतं. हे डेव्हलपरला कोण सांगणार? तुम्ही.

दिसण्यापेक्षा व्याकरणाची गंमत मोठी. बस तिकिटाच्या ॲपमध्ये डेव्हलपर साचा बनवतो: शहराचं नाव, त्याला चिकटून 'हून'. सोलापूर टाकलं तर 'सोलापूरहून', झकास. पुणे टाकलं की 'पुणेहून', सातारा टाकलं की 'साताराहून'. इंग्रजीत 'फ्रॉम' वेगळा उभा राहतो म्हणून तिथे हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे प्रत्यय लागताना नावाचं रूपच बदलतं. उपाय सोपा आहे: 'कुठून: पुणे, कुठे: सातारा' असं लिहायचं. सोपा, पण ज्याला 'पुण्याहून' कानाने माहीत आहे त्यालाच तो सुचतो. मराठी माध्यमातल्या पोराला तो चहा पिता पिता सुचेल.

या वाटेवर आधीही माणसं चालली आहेत. विंडोजमधला मंगल फॉन्ट र. कृ. जोशी यांचा, आणि ते आयडीसीत शिकवत. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. ते उतरवून घ्या आणि स्वतःच्या प्रकल्पात वापरून बघा.

आणि इंग्रजी कच्चं असेल तर?

अडतं, खोटं कशाला सांगू. मीटिंग इंग्रजीत होतात, पोर्टफोलिओ इंग्रजीत लागतो, बेंगळुरूची टीम असेल तर पर्यायच नाही. पण इथे साहित्यिक इंग्रजी लागत नाही. 'आम्ही हे पाहिलं, म्हणून हे केलं, त्याने हे बदललं' एवढं लहान वाक्यांत सांगता आलं की बास. आधी मराठीत लिहून काढा, मग इंग्रजीत सांगा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. पहिले काही दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही. मलाही ऐकवत नव्हता.

पहिली नोकरी कुठे शोधू?

आयटी सर्व्हिस कंपनीत शिस्त आणि मोठे प्रकल्प मिळतात, पण आपलं काम शेवटी कोण वापरतं हे अनेकदा कळत नाही. एजन्सीत वर्षभरात दहा प्रकारची कामं होतात आणि झोप कमी होते. स्टार्टअपमध्ये एकटेच डिझायनर असलात तर सगळं करायला मिळतं, चुका सांगणारं मात्र कुणी नसतं. पहिल्या नोकरीत पगारापेक्षा एक गोष्ट बघा: तुमच्यावर एक तरी अनुभवी डिझायनर आहे का. मुलाखतीत सरळ विचारा, 'माझं काम कोण तपासणार?' उत्तर 'आमचे सीईओ स्वतः' असं आलं तर काय करायचं ते तुम्ही ठरवा.

मुलाखतीआधी घरी करायला 'टास्क' देतात. फुकट करायचं?

चार-सहा तासांचं, काल्पनिक विषयावरचं असेल तर करा. कंपनीच्या चालू प्रॉडक्टच्या दहा स्क्रीन मागत असतील तर नम्रपणे म्हणा, 'याऐवजी माझ्या आधीच्या एका कामावर तासभर चर्चा करू या का?' सुरुवातीला मी एका ठिकाणी तीन रात्री जागून असा टास्क करून दिला होता. नंतर ना फोन आला ना मेल.

पगार किती मिळेल?

आकडा शहर, कंपनी आणि तुमचं काम यांवर इतका बदलतो की इथे लिहिलेला आकडा दिशाभूलच करेल. ओळखीच्या तिघांना विचारा. पण सीटीसी, म्हणजे कंपनीने तुमच्यावरचा म्हणून सांगितलेला वर्षाचा एकूण खर्च, वाचायला शिका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, 'व्हेरिएबल' असं सगळं धरलेलं असतं. मूळ वेतनाच्या १२ टक्के पीएफ तुमच्याकडून कापला जातो आणि कंपनीचा वाटाही सहसा सीटीसीतच मोजतात. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं टिकलात तर मिळते. म्हणून 'दरमहा हातात किती?' एवढं लेखी विचारा. नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे का तेही बघा, आणि बॉण्ड असेल तर सही करण्याआधी घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा.

थेट फ्रीलान्स केलं तर?

दोन-तीन वर्षं टीममध्ये काम करून मग. आधीच करायचं असेल तर निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि किती वेळा बदल करून देणार ते लिहून द्या. क्लाएंटने टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरायला विसरू नका, त्यात परतावा निघू शकतो.

एआय आल्यावर हे काम उरेल का?

वाक्य टाइप केलं की स्क्रीन तयार होते, हे खरं आहे आणि मीही ते वापरतो. ज्यांचं काम फक्त 'लॉगिनची स्क्रीन काढून दे' एवढंच होतं, त्यांचं काम घटतंय. शिकाऊ जागांवर त्याचा ताण जाणवतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दूध केंद्रावर पहाटे उभं राहायला यंत्र जात नाही, आणि सातवा खर्डा केंद्रचालकाला का पटला नाही हे त्याला कुणी सांगत नाही. हत्यार शिकून घ्या. वाचलेला वेळ माणसांमध्ये घालवा, अजून चार स्क्रीन काढण्यात नको.

साहेब म्हणतात, ॲपमध्ये गिऱ्हाइकाने न मागताच विम्याच्या चौकटीत आधीच टिक करून ठेव. काय करू?

ऐनवेळी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न', म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले. त्यात १३ प्रकार नावानिशी दिले आहेत: गिऱ्हाइकाच्या नकळत टोपलीत वस्तू टाकणं, खोटी घाई लावणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणी बंद करायची वाट लपवणं वगैरे. 'सर, हे त्या यादीत बसतं, लीगलला एकदा विचारू या' हे वाक्य नवशिक्यालाही म्हणता येतं. नैतिकतेवर भाषण दिलं तर लोक जांभया देतात. 'लीगल' शब्द ऐकला की सरळ बसतात.

माझं वय ३४. आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय. उशीर झाला का?

नाही. टेस्टर चांगले डिझायनर होतात, कारण नेट गेलं, नाव फार लांब आलं, ओटीपी उशिरा आला तर काय, हे त्यांच्या डोक्यात आधी येतं. नवशिके फक्त सगळं सुरळीत चाललेली स्क्रीन काढतात. पगार मात्र वर्ष-दोन वर्षं खाली येऊ शकतो. घराचा हप्ता चालू असेल तर राजीनामा देऊ नका. आत्ताच्या कंपनीतल्याच डिझाईन टीमला संध्याकाळी मदत करायला लागा. बदली आतल्या आत लवकर होते.

तुम्ही माझा पोर्टफोलिओ बघाल का?

बघेन. लिंक पाठवण्याआधी ती दुसऱ्याच्या मोबाईलवर, लॉगिन न करता उघडते का ते बघा. निम्म्या लिंक 'परवानगी मागा' अशी पाटी दाखवतात.